गल्लीच्या तोंडाशी घर असले तरी वाटा सारखाच का?

सप्रेम नमस्कार.

गल्लीतील नव्या ड्रेनेज लाइनचा खर्च सर्व घरांनी सारखा वाटून घ्यावा, ही माझ्या लेखातील सूचना आपल्याला अन्यायकारक वाटली. आपले घर गल्लीच्या तोंडाशी, मुख्य वाहिनीपासून जेमतेम पंधरा फुटांवर आहे. मग शेवटच्या घरासाठी टाकलेल्या शंभर मीटर पाइपाचे पैसे आपण का भरावेत, आणि मालमत्ता कर भरत असताना मुळात वर्गणी तरी का द्यावी, असे आपण विचारले आहे.

कराचा मुद्दा आधी घेतो. मुख्य वाहिनी आणि मैलाशुद्धीकरण केंद्र करातूनच व्हायला हवे, यात दुमत नाही. मात्र पुणे महापालिकेत २०१७ मध्ये आलेल्या ११ आणि २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांत गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींतून पडलेल्या कितीतरी गल्ल्या अजून खाजगी सामाईक रस्तेच आहेत. आमची गल्ली त्यांपैकीच एक. असा रस्ता ताब्यात आल्याखेरीज महापालिका सहसा त्यावर खर्च करीत नाही, आणि तोवर शोषखड्डे उपसत बसायचे की वर्गणी काढायची, एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० पासून समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी घडवलेल्या ड्रेनेजच्या कामातही गल्लीतील वाहिनी रहिवाशांच्या पैशांतून आणि मोठी वाहिनी सरकारकडून, अशीच विभागणी होती.

आता अंतराचा मुद्दा, जो खरोखर विचार करण्याजोगा आहे. समजा, गल्लीत २० घरे आहेत आणि खर्च ४ लाख आहे. सारख्या वाटणीने प्रत्येकाला २०,००० येतात. आपल्या तत्त्वाने, म्हणजे पाइपाच्या ज्या तुकड्यातून ज्यांचे पाणी वाहते त्यांनीच त्याचे पैसे द्यायचे असे धरले, तर आपल्या वाट्याला फक्त १,००० येतात आणि शेवटच्या घराला सुमारे ७२,०००. हिशेबात खोट काढता येणार नाही. उलट त्याला पुष्टी देणारी गोष्ट मीच सांगतो: गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी धरून आणि फाटकांच्या खांबांवर खडूच्या खुणा करून मी आमची गल्ली मोजली, तेव्हा शंभर मीटरमध्ये जमिनीचा उतार नऊ इंचच निघाला. पाइपाला शंभरास एक असा उतार द्यायचा, तर वरच्या टोकाला तीन फुटांवर असलेला पाइप तोंडाशी साडेपाच फूट खोल जातो. म्हणजे आपल्या दारातली खोल खोदाईसुद्धा वरच्यांसाठीच.

तरीही मी सारख्या वाटणीवर ठाम आहे, कारण ७२,००० ऐकून शेवटचा घरमालक काय करील हे उघड आहे. तो आपला शोषखड्डाच ठेवील. मग त्याच्या अलीकडचा तेच करील आणि लाइन वरच्या टोकाकडून आखडत येईल. त्या खड्ड्यांतले पाणी मुरून उताराने येणार कुठे? खालच्यांच्या बोअरकडे. आपण वरच्या घराच्या पाइपाचे पैसे देता, तेव्हा आपल्याच बोअरभोवतीची जमीन स्वच्छ ठेवण्याचे पैसे देत असता. चेन्नईजवळच्या आलंदूर नगरपालिकेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घरगुती जोडणीसाठी सरसकट ५,००० रुपये घेतले होते; मुख्य वाहिनीपासूनचे अंतर विचारले नव्हते. (दुकानांना मात्र १०,००० होते, आणि ते मला योग्य वाटते.)

मोकळ्या प्लॉटचे मालक वर्गणीतून सुटतात, हा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तो मुद्दा लेखात राहूनच गेला. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारण कराखेरीज मलनिःसारण लाभ कर वेगळा आकारतात, कारण वाहिनी वापरणे आणि ती दारात असणे हे दोन निरनिराळे लाभ आहेत. प्लॉटमालकाने निदान अर्धा वाटा आज द्यावा आणि उरलेला बांधकामाच्या वेळी. बारा फ्लॅटच्या इमारतीचा वाटा एक धरायचा की बारा, यावर माझे उत्तर सरळ आहे: वर्गणी चुलीमागे.

एक गोष्ट आपण लिहिली नाहीत, पण आपल्या बाजूची आहे. लाइन तुंबली की पाणी सर्वांत आधी खालच्याच घराच्या चेंबरमधून उलटते. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात तसे झाले आणि खालच्या घरातल्या आजींना दोन दिवस मोरी वापरता आली नाही. त्यामुळे तोंडाशी असलेल्या दोन-तीन घरांना पाणी उलटू न देणारी झडप बसवून द्यायची आणि तिचा खर्च सामाईक वर्गणीतून करायचा, एवढी दुरुस्ती मी माझ्या सूचनेत करतो. आपल्या गल्लीची बैठक अजून व्हायची असेल, तर ही अट आपण अवश्य घालावी.