गोव्यात बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी खात्रीशीर सल्ला

बदलीचा कागद हातात पडला की सामान बांधण्याआधी सगळ्या नातेवाइकांना फोन करा. मात्र "फोंड्याला चाललो" असं चुकूनही म्हणू नका. फोंडा म्हटलं की निम्मी मंडळी फोंडाघाट समजतात आणि "म्हणजे कोल्हापूर जवळच की" म्हणून फोन ठेवतात. "गोव्याला चाललो" म्हणा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ज्या चुलतभावाने साधा मेसेज टाकला नव्हता, तो पाच मिनिटांत विचारेल, "घरापासून बीच किती लांब?"

खरं उत्तर असं, की फोंडा तालुक्यात देवळं आहेत, कुळागरं म्हणजे पोफळी-माडांच्या बागा आहेत, कारखाने आहेत, समुद्र तेवढा नाही. पणजीच्या मिरामार बीचवर पाय भिजवायचे तर तीसेक किलोमीटर जावं लागतं. पण खरं सांगून कुणाचा हिरमोड कशाला करायचा? "गॅलरीतून दिसतो" म्हणून टाका. 31 डिसेंबरला आठ माणसं गॅलरीत उभी राहून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या बघतील. तुम्ही तेव्हा तसेही स्वयंपाकघरात असाल.

राहायला यायचं ते मेच्या शेवटच्या आठवड्यात. येताना चामड्याचा सोफा, लग्नातले बूट, आजोबांची पुस्तकं, सगळं आणा. इथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळजवळ चौपट. गणपती येईपर्यंत सोफ्यावर हिरवट मखमल चढते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. आल्या आल्या शेजारच्या वहिनी विचारतील, "पुरुमेंत केलें?" हा पोर्तुगीज काळातला काही कागद असावा, असं समजून "हो, ऑफिसनेच करून दिलं" असं आत्मविश्वासाने सांगा. मी सांगितलं होतं. वहिनी आमच्या ऑफिसकडे फार आदराने बघायला लागल्या. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सोलं, सुक्या मिरच्या, सुकं नुस्तं म्हणजे सुकी मासळी, नारळ, हे मला कळलं तेव्हा जुलै लागला होता, दिवे गेले होते आणि मी बिस्किटं आमटीत बुडवून खात होतो.

आता मुख्य विषय, भाषा.

पहिल्याच संध्याकाळी शेजारी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसायला बोलावतील. चहा येईल. दुसरा घोट घेऊन झाला की म्हणा, "कोकणी म्हणजे शेवटी मराठीचीच बोली ना?" अनुस्वार न घालता म्हणा, म्हणजे एका वाक्यात दोन कामं होतात. साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली 1975 साली, राजभाषा कायदा झाला 1987 साली, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश झाला 1992 साली. शेजाऱ्यांना या तारखा पाठ असतात. तुम्हालाही होतील, त्याच संध्याकाळी.

एवढ्यावर थांबू नका. चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी हळहळत म्हणा, "तेव्हा महाराष्ट्रात आला असतात तर बरं झालं असतं." 16 जानेवारी 1967 रोजी इथे या एकाच प्रश्नावर जनमत कौल झाला. विलीन व्हायचं असेल त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, नसेल त्यांनी दोन पानांवर. पानं 34,021 मतांनी जिंकली. कौलाला अर्धशतक उलटून गेलं, पण आमच्या शेजारघरी आजोबांचं फूल आणि आजीची दोन पानं यांचा निकाल अजून लागलेला नाही. तुम्ही विषय काढाल त्या रात्री त्या घरात जेवण उशिरा होईल.

यावरून शेजारी मराठीच्या विरोधात आहेत असा तुमचा ग्रह होईल. तो जपून ठेवा, कारण सकाळी तेच शेजारी अंगणात मराठी पेपर वाचताना दिसतील. त्यांची प्राथमिक शाळा मराठी होती, घरातली पोथी मराठी आहे, आणि गेली वीस वर्षं जत्रेच्या नाटकात संभाजी तेच करतात. तालीम संपली की संभाजी आणि औरंगजेब कोंकणीतून एकमेकांच्या आईची तब्येत विचारत भजी खातात. लिहायला मराठी, आरतीला मराठी, भांडायला आणि लाडात यायला कोंकणी, ही व्यवस्था इथल्या माणसाला श्वासासारखी सवयीची आहे. तिच्यात विसंगती शोधण्याचं काम तुम्ही अंगावर घ्या. आणि मधूनच त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणा, "तुमचं मराठी छान आहे हं!" संभाजीमहाराजांचं तीन पानी स्वगत ज्याला तोंडपाठ आहे त्याला ही शाबासकी कशी लागते, ते बघण्यासारखं असतं.

शुद्धतेचा आग्रहही सोडू नका. खिडकीला "जनेल" म्हणणाऱ्या माणसाला "हा पोर्तुगीज शब्द झाला" असं समजावून सांगा. सांगून झालं की चावीने दार उघडा, बटाटे टाका, पाव काढा आणि पगार कधी होतोय त्याची वाट बघा. हे चारही शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत, ही गोष्ट स्वतःजवळ ठेवा.

शब्दांवरून आठवलं. शितावरून भाताची परीक्षा करणारे आपण. इथे अख्ख्या भातालाच शीत म्हणतात. पहिल्या आठवड्यात वहिनींनी "शीत जालें?" विचारलं तेव्हा मी थंडी नाही म्हणून सांगितलं. नळ दुरुस्त करायला आलेला विशीतला मुलगा तुम्हाला "तूं" म्हणेल. तो त्याच्या वडिलांनाही तूं म्हणतो, पण तुम्ही ते मनाला लावून घ्या. पुण्यात तुम्हाला सगळे "अहो" म्हणत होते आणि शिवाय पत्ता चुकीचा सांगत होते.

नळाचा विषय निघालाच आहे तर काळाविषयी थोडं. कोंकणीत "फाल्यां" म्हणजे उद्या. तुम्ही मात्र त्याचा अर्थ सकाळी साडेनऊ असा घ्या, रजा टाका आणि दारात खुर्ची टाकून बसा. "येतां" म्हणजे निघायचा विचार पक्का झालाय. "मागीर पळोवया" म्हणजे विचारही झालेला नाही. "जातलें" ऐकलं की दुसरा माणूस शोधायला निघा. दुसरा माणूस पहिल्याचा मेव्हणा निघतो आणि तो तुम्हाला पहिल्याकडेच पाठवतो. आता पहिला चहा विचारतो.

अशा प्रसंगी वापरायचा शब्द म्हणजे "सुशेगाद", निवांत. तो टी-शर्टवर छापलेला मिळतो. रोज वापरा, आणि शक्यतो पोदेरासमोर, म्हणजे पाववाल्यासमोर, वापरा. तुम्ही पांघरुणात असता तेव्हा तो पों-पों करत सायकल घेऊन दारात उभा असतो. त्याची भट्टी रात्रीपासून पेटलेली असते. संध्याकाळी तो पुन्हा येतो. त्याच्याकडून कोंड्याची पोयी घेता घेता कौतुकाने म्हणा, "तुमचं बरंय बुवा, सुशेगाद लाइफ." नंतर दुपारी एक ते चार दुकानं बंद असल्याबद्दल गावभर तक्रार करा. मूळचे पुण्याचे असाल तर जरा जास्तच जोरात करा.

गाडीची पाटी बदलू नका. कायदा म्हणतो की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा. त्यासाठी जुन्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र, इथला कर नव्याने, आणि तिकडे आधीच भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज. मी अर्ज केला आहे. "प्रक्रियेत आहे" असं उत्तर आलं. फाल्यां या शब्दाला शुद्ध मराठीत काय म्हणतात, ते तेव्हा समजलं.

फोंड्यात कुलदैवत असण्याचा तुम्हाला मोठा आधार वाटेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची मुळं मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथीत सापडतात. या आधारावर "आम्ही मूळचे इथलेच" असं भेटेल त्याला सांगत सुटा. पणजोबांनी गाव कधी सोडलं, घर कुठल्या वाड्यावर होतं, असल्या फालतू चौकशांना उत्तर देऊ नका. एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. या देवांपैकी बरेचसे स्वतःच बाहेरून राहायला आलेले आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी भागातली देवळं पाडायला घेतली तेव्हा माणसांनी रातोरात मूर्ती जुवारी नदीच्या अलीकडे आणल्या. मंगेश कुठ्ठाळीहून आला 1560 साली. शांतादुर्गा केळशीहून आली. म्हाळसा वेर्ण्याहून आली ती येताना म्हार्दोळ हे गावाचं नावही सोबत घेऊन आली. वेर्ण्यातल्या मूळ जागेला आता जुनं म्हार्दोळ म्हणतात. तेव्हा "किती दिवसांत इथले समजतील हो आम्हाला?" असं कुणाला विचारायचंच झालं तर देवळात विचारा. सरकारी नोकरीपुरतं विचारायचं असेल तर मामलेदाराकडे. तिथे पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात. देवाच्या मानाने हे लवकरच म्हणायचं.

चवथीला पुण्याहून घडीचं मखर आणा. इथे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, कांगलां आणि रानातली आणखी किती तरी फळं टांगलेली. शेजारी त्यासाठी दोन दिवस रानात हिंडतात. तुम्ही एलईडीची माळ सोडा. मग ते घुमट, शामेळ ही वाद्यं घेऊन तुमच्याकडे आरतीला येतील. तुम्ही नेहमीच्या वेगाने साडेतीन मिनिटांत "घालीन लोटांगण"पर्यंत पोचलेले असाल, आणि ते पहिल्या आरतीचा पहिला चरण अजून घोळवत असतील. मराठीतच. तुम्हाला न येणाऱ्या मराठी आरत्या. आमच्याकडे ते पावणेदोन तास चाललं. शेवटी मी टाळ खाली ठेवला आणि नुसता ऐकत बसलो; प्रसादाचं मात्र करपलं.

मासळीचं शेवटी ठेवलं, कारण तिथे माणसाचं खरं काय ते कळतं. जुलैत बाजारात जाऊन सुरमई मागा. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते आणि सुरमईला इथे इस्वण म्हणतात, त्यामुळे एकाच प्रश्नात तुम्ही दोनदा ओळखले जाता. सोमवारी गेलात तर आणखी बरं. "आयज सोमार न्ही?" असं अख्खी ओळ विचारेल. घरी येऊन "आज व्हेज" म्हणू नका, शिवराक म्हणा, म्हणजे निदान हरल्यासारखं वाटत नाही.

मी वर्षभर कोंकणी शिकलो. वही केली. आरशासमोर अनुस्वार घोटले. मग एका रविवारी मुलीला घेऊन वरच्या बाजारात गेलो, नेहमीच्या बाईसमोर उभा राहिलो आणि शांतपणे, एकही चूक न करता म्हणालो, "बांगडे कशे दिले?"

"सौ का पाँच, भैया," ती म्हणाली.

मुलगी आठ वर्षांची. तिने कधी वही केली नाही. शाळेच्या बालरथात मागच्या सीटवर बसून जे कानावर पडलं तेवढंच. ती पिशवीआडून डोकावून म्हणाली, "बांगडे कशे दिले गो मावशे?"

"शंभराक पांच," बाई म्हणाली. "तुका स दितां, बाये."

तेव्हा बाजारात जाताना मूल पुढे ठेवा. तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा, तोंड उघडू नका, आणि पिशवी नीट धरा. बांगड्यांचं पाणी बुटांवर गळतं.