वन्समोअर न मिळालेला नट

१५ जुलैला बालगंधर्वांच्या पुण्यतिथीनिमित्त पेपरात आलेला लेख बेळगावात टिळकवाडीच्या आमच्या कट्ट्यावर सर्वांनीच वाचला होता. तरीही तो आपण एकट्यानेच वाचला आहे अशा थाटात वकीलसाहेबांनी निकाल सुनावला. "गायक म्हणून थोर, यात वाद नाही, पण नट म्हणून रंगभूमीने फाजील लाड केलेला माणूस! प्रभातसारखी कंपनी, शांतारामांसारखा दिग्दर्शक, 'धर्मात्मा'त संत एकनाथांची भूमिका, आणि एवढे असूनही प्रभातमध्ये एका चित्रपटात सगळे आटोपले." मुद्दा मांडताना एकेक बोट दुमडण्याची त्यांची सवय जुनी आहे, आणि पाचवे बोट दुमडेपर्यंत ते दुसऱ्या कोणाला बोलू देत नाहीत.

मास्तरांनी चहा बशीत ओतून शांतपणे फुंकर घातली. "ज्याने रंगभूमीवर शकुंतला, भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू या नायिका उभ्या केल्या, त्याला १९३५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, धोतर नेसवून कॅमेऱ्यापुढे उभे केले. त्याचा विषय सोडून भलत्याच विषयाची परीक्षा घ्यायची आणि वर नापास झाला म्हणून पेढे वाटायचे, हा कुठला न्याय?"

"आणि १९३७ साली पडद्यावर मीराबाई झाले, तेव्हा तर लुगडे होते ना?" वकिलांना वाटले, आता मास्तर सापडले.

"होते, पण समोर माणसे नव्हती. थिएटरात 'नाथ हा माझा' सुरू झाले की प्रत्येक वन्समोअरला ते पद नव्या अंगाने उलगडत जाई, ऑर्गन आणि सारंगी मागे चालत, आणि रुक्मिणीचे लाजणेही त्याबरोबर वाढत जाई. त्यांचा अभिनय त्या देवाणघेवाणीत होता, वकीलसाहेब. स्टुडिओत पद एकदा म्हणायचे आणि दिग्दर्शकाने हात वर केला की थांबायचे. शिवाय लांबच्या खुर्चीवरून पटणारी रुक्मिणी भिंग जवळ आल्यावर कशी पटावी? तोवर पडद्यावर खऱ्या नट्या स्थिरावल्या होत्या."

मला हे उत्तर पुरते पटले, हे लपवण्यात अर्थ नाही. अण्णांनी मात्र या संधीचा फायदा घेऊन केशवराव भोसल्यांना मध्ये आणले. १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवरावांच्या धैर्यधरानेच बाजी मारली, असे ते दरवर्षी सांगतात. अण्णांची सासुरवाडी कोल्हापूरची असल्याने त्यांची साक्ष कट्ट्यावर कोणी ग्राह्य धरत नाही.

वकिलांनी शेवटचे बोट दुमडले. "खरे कारण गायिका गोहरबाई कर्नाटकी! त्या बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत आल्या आणि सगळे मातीत गेले."

"चित्रपट आधी झाले, गोहरबाई मागून आल्या," मास्तर म्हणाले. "कर्जाचा डोंगर तर त्याहून जुना, भरजरी शालू आणि अत्तरे काही गोहरबाईंनी मागवली नव्हती. पण बाई विजापूरकडची निघाली, की आपल्याकडे निम्मा खटला तिथेच निकाली निघतो. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, ज्या किर्लोस्कर कंपनीतून पुढे आले, तिचे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे सांगताना मात्र आपली छाती फुगते. कानडी मुलखाने दिलेला नाटककार चालतो, गायिका चालत नाही?"

यावर बोट दुमडायला उरले नसल्याने वकील चिडले. "काय बोलायलाय मास्तर! माझ्या घरी त्यांच्या तबकड्या आहेत, मला शिकवू नका."

"त्यातली 'नाथ हा माझा' माझी आहे," मास्तर म्हणाले. "मुलाच्या मुंजीला म्हणून नेलीत, त्या मुलाचे लग्न झाले तरी परत आली नाही. आणि मध्यंतरी तुम्हीच सांगितलेत की तिला चीर गेली आहे आणि सुई एकाच ओळीवर अडकते."

"अडकते. मग?"

"मग घरबसल्या न मागता वन्समोअर मिळतो, तरी तुम्हाला त्या माणसाची किंमत कळत नाही!"

अण्णांच्या हातातला चहा हसण्याने सदऱ्यावर सांडला, आणि ती तबकडी रविवारी परत करण्याचे वचन वकिलांनी दरवर्षीप्रमाणे दिले.