पोरांचं ऐकावं, पण बेतानं

विद्यार्थ्यांचा आवाज ऐकायचं पत्र वरून आलंय ना? मग आधी पेटी घ्या. पत्र्याची, कुलपाची. ती मुख्याध्यापकांच्या दाराला लागूनच ठोका, म्हणजे चिठ्ठी कोण टाकतं ते खुर्चीत बसूनच दिसतं. पटावर साठ लेकरं, अक्षर तर वर्गशिक्षक झोपेतही ओळखतात. तेव्हा "नाव लिहू नका रे" असं मोठ्या मनानं सांगायला काहीच हरकत नाही. पेटी उघडल्यावर रजिस्टरात 'निरंक' लिहायचं. चुकून 'पोरीच्या संडासात पानी नाई' अशी चिठ्ठी निघालीच, तर लाल पेनानं 'पाणी' आणि 'नाही' दुरुस्त करून परिपाठात सगळ्यांसमोर वाचा. पोरगी पुन्हा लिहीत नाही, वर शुद्धलेखनाचा उपक्रमही कागदावर येतो.

खरा धोका उत्तराचा असतो. "टाकीचा कॉक बुधवारी बसेल" किंवा नुसतं "सध्या पैसे नाहीत, दिवाळीनंतर बघू" एवढं जरी पोरांना सांगितलंत, तरी पुढच्या आठवड्यात दहा चिठ्ठ्या पडतात. हे व्यसन एकदा लागलं की सुटत नाही.

विचारायचंच असेल तर फुकटातलं विचारा: भिंत पोपटी हवी की आकाशी? खिचडीकडे वळू नका. पाचवीपर्यंत 100 ग्रॅम आणि पुढे आठवीपर्यंत 150 ग्रॅम तांदूळ हा हिशेब तुमच्या वहीत जुळतो, पण वरण किती पातळ होतं ते पोरांनाच ठाऊक. पोरींच्या ने-आणीसाठीची मानव विकास योजनेची निळी एसटी बस शाळा सुटायच्या आधीच फाट्यावरून का जाते, हेही पोरींना विचारू नका. त्या सांगतील, मग तुम्हाला डेपोला पत्र लिहावं लागेल.

सर्वेक्षण कापूस वेचणीच्या दिवसांत घ्या. जी लेकरं वावरात असतात त्यांचीच गाऱ्हाणी जास्त, ती आपोआप गळतात. मेळघाटात तर काम आणखी सोपं. घरी कोरकू बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला शासकीय मराठीत विचारा, "शालेय वातावरणाविषयी आपण कितपत समाधानी आहात?" ते 'हो' म्हणतं. समाधान शंभर टक्के. कोरकू जाणणाऱ्या अंगणवाडीताईंना त्या दिवशी बोलावू नका, म्हणजे झालं.

शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात, आणि आपल्याकडे विद्यार्थीही घेतात. सभा दुपारी बाराची लावा. पालक मजुरीवर, पोरं हजर. त्यांना सही कुठं करायची तेवढं बोटानं दाखवा आणि ठराव वाचायची वेळ आली की चहा सांगायला धाडा.

मग फोटो. 'मत मांडताना विद्यार्थी' या फोटोत हात वर हवेत, आणि मतं विचारून ते होत नाहीत. "फोटोत कोणाले यायचं?" असं विचारा. अख्खा वर्ग हात वर करतो. लगेच टिपा आणि केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर चारच्या आत टाका. नंतर गावात रेंज राहत नाही.