समोरच तर आहे!

दुबईत कुणी "समोरच आहे" म्हणालं ना, की आधी विचारून घ्यायचं, शेख झायेद रोडच्या अलीकडे समोर की पलीकडे? कारण मेव्हण्याच्या बाल्कनीतून ते करक चहाचं, म्हणजे तिथल्या कडक दुधाच्या चहाचं, दुकान मला रोज दिसायचं आणि मध्ये हा बारा लेनचा हायवे. "दाजी, टॅक्सी करा," मेव्हणा म्हणाला. समोर चहा प्यायला टॅक्सी? पुण्यात आयुष्य गेलंय, हात आडवा केला की पीएमपीची बससुद्धा थांबते, पण इथे गाड्या शंभरच्या स्पीडने सुटलेल्या आणि भलतीकडून रस्ता क्रॉस केला तर जबर दंड!

मग निघालो मेट्रो स्टेशनकडे, तिथल्या पुलावरून पलीकडे जाता येतं. फुटपाथ काय झकास हो, आणि मग एकदम संपतोच, पुढे नुसती वाळू, पत्रे आणि क्रेन. ऑगस्टचं ऊन. वाटेत काचेचा एसी बसस्टॉप लागला तिथे बसलो, बस येत होत्या जात होत्या, मी काही उठलो नाही.

पूल मात्र राजेशाही, एसी, सरकते पट्टे, सगळं. दुबई मॉलकडे जाणारा असाच पूल 820 मीटर लांब आहे म्हणे, आणि बुर्ज खलिफा 828 मीटर उंच, म्हणजे यांनी तेवढीच एक इमारत आडवी पण बांधलीय, फक्त तिचे फोटो कुणी काढत नाही.

शहराला नावं ठेवत नाही मी, 2009 पासून बिनड्रायव्हरची मेट्रो चालवतायत, खायचं काम नाही. पण नव्या भागात पायी माणूस प्लॅनमध्येच नाहीये. जुन्या बर दुबईत जा, मीना बाजार फिरा, क्रीकवर, म्हणजे खाडीवर, एक दिरहॅम देऊन अब्रात बसा, लाकडी होडी, पाच-सात मिनिटांत पलीकडे देरा. म्हणजे अख्खी खाडी ओलांडता येते, रस्ता ओलांडायचा म्हणजे मोहीम!

शेवटी पोचलो एकदाचा. शर्ट पिळून घ्यावा अशी अवस्था. काउंटरवर उभा राहून "एक करक" म्हणालो, परत म्हणालो, आणि तो मल्याळी पोऱ्या ट्रे घेऊन माझ्या शेजारून पळत बाहेर, कारण इथे लोक गाडीतून उतरत नाहीत, दुकानासमोर हॉर्न वाजवतात आणि चहा खिडकीत येतो. हॉर्न वाजतच होते. माझ्याकडे हॉर्नच नव्हता.