हवा काय, फुकटच असते!

हवेवर चालणारं कटऑफ टूल घ्यायचं होतं. गंजलेल्या बोल्टांची मुंडकी उडवायला. काउंटरवर मी एवढंच विचारलं, "हे किती सीएफएम खातं?" म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. विक्रेता खोका उलटसुलट करत होता. तेवढ्यात नुसते वॉशर घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी प्रकरण ताब्यात घेतलं.

"खाणार काय? हवाच. आणि हवा फुकट असते."

"अहो, पण कॉम्प्रेसर पुरायला हवा ना?"

"टायर भरतो ना तुमचा कॉम्प्रेसर? मग झालं!"

म्हटलं, टायर एकदा भरला की गप्प बसतो. हे दाबून धरलंय तोवर गिळतच राहतं. त्यांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "साहेब, तुम्ही फार विचार करता." यावर विक्रेता हसला. ते हसणं मला अजून सलतंय. मग गृहस्थांनी टूल उचललं, चकती बोटानं गरकन फिरवली, कानाशी नेली आणि डोळे मिटून निकाल दिला, "बेअरिंग उत्तम. चकती कुठलीही लावा."

कुठलीही! या टूलचे फेरे मिनिटाला 20,000 च्या आसपास, आणि ग्राइंडरच्या 100 मिमी चकतीवर कमाल वेग छापलेला असतो साधारण 15,000. गार्ड काढून ती बसवणारे महाभागही असतात. चकती फुटली की तुकडे काय विचारून उडतात?

खरा राग मात्र खोक्यावर आहे. ठळक अक्षरांत 90 पीएसआय दाबाला 4 सीएफएम. हा आकडा बहुतेकदा सरासरीचा असतो, म्हणजे मिनिटातली जेमतेम 15 सेकंदं लिव्हर दाबली तर. सलग कापायला बसलात की भूक चौपट. तिकडे कॉम्प्रेसरवालेही पिस्टन किती हवा ओढतो ते मोठ्या टाइपात छापतात. नळीतून प्रत्यक्ष किती बाहेर पडते ते भिंग घेऊन शोधा. दोघांच्या थापांची बेरीज आपल्या माथी. अर्धा बोल्ट कापून व्हायच्या आत टूल घरघरतं, आणि टाकी भरेपर्यंत आपण गॉगल कपाळावर चढवून उभे.

हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तर गृहस्थ वॉशर खिशात टाकत म्हणाले, "एवढी कटकट असेल तर विजेवरचंच घ्या की!"

विक्रेत्यानं माझ्यासमोरचा खोका मिटला आणि वायरवाल्या मशिनी काढायला वळला. मला विचारलंसुद्धा नाही.