डाळीवरची ज्वारी

गेल्या रविवारपासून आमच्या घरात ज्वारीचं पीठ पिवळं आहे. हळदीसारखं नव्हे, पण जन्मभर भाकरी खाल्लेल्या माणसाला ज्वारीचं पीठ कसं असतं ते कळतं, आणि हे तसं नाही. या पिवळेपणाला जबाबदार असलेल्या बाई, मी हे लिहीत असताना, बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात हात घालून बसल्या असतील.

काम साधं होतं. दोन किलो ज्वारी, स्टीलचा डबा, स्कूटर, जुळे सोलापुरातली नेहमीची गिरणी. वीस मिनिटांचं. मला पावणेदोन तास लागले.

गिरणीत माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. माणसं इकडंतिकडं टेकून पापण्यांवर पीठ साठवत बसतात. माझा डबा तिसरा होता. पहिल्यात गहू, दुसऱ्यात ज्वारी, तिसऱ्यात माझी ज्वारी. म्हणजे ज्वारीवर ज्वारी. गिरणीत याहून मोठं भाग्य नाही. मी मनातल्या मनात सिद्धरामेश्वरांना हात जोडले आणि भिंतीला टेकलो.

"काय आणलाव ओ?"

पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर एक बाई बसल्या होत्या. इरकल साडी, रुपयाएवढं कुंकू, मांडीवर कापडी पिशवी. वय पंच्याहत्तरच्या पुढं.

"ज्वारी आहे, आज्जी."

"आज्जी?" त्यांनी शेजारणीकडं पाहिलं. "आज्जी म्हणलालेत मला. ओ, आधी आरशात तुमचे केस बगा की."

मी ताबडतोब मावशीवर आलो, पण तोवर निकाल लागला होता. मावशी उठल्या आणि आपल्याच घरातल्या आमटीला उकळी आली का बघावं इतक्या सहज त्यांनी माझ्या डब्याचं झाकण काढलं. मूठभर ज्वारी घेतली, तळहातावर पसरली, फुंकर मारली. थोडा कोंडा उडाला. तो उडालेला सगळ्यांनी पाहिला की नाही, याची त्यांनी मान वळवून खात्री करून घेतली. मग एक दाणा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात नेला. तिथं एखादी दाढ शिल्लक असावी. कट्. गिरणीच्या घरघरीतही मला तो आवाज आला.

"कितीला घेतलाव?"

इथं मी खोटं बोललो. खऱ्या भावातून किलोमागं सरळ दहा रुपये उतरवून सांगितले.

"फसवलं तुम्हाला," मावशी म्हणाल्या.

शेजारची बाई हळहळली. मिरचीची पिशवी घेऊन डंकाच्या बाजूला बसलेल्या एक तेलुगू बाई इतका वेळ आपल्याच नादात होत्या, त्याही "अय्यो" म्हणाल्या. खरा भाव सांगितला असता तर काय झालं असतं, या विचारानं मला घाम फुटला. तसा सोलापुरात घाम फुटायला विचार लागत नाही म्हणा.

"आणि दोनच किलो? कबुतराला टाकायला का?"

आता इथं माझी बाजू भक्कम होती. गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा असतो तो ज्वारीत मुळातच नाही. भाकरी धरून राहते ती गरम पाण्याच्या उकडीनं आणि पिठाच्या विरीनं. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरा पडतात आणि उलटताना तिचा नकाशा होतो. म्हणून शहाण्या घरात पीठ थोडं थोडं दळून आणतात. हे ज्ञान माझं नाही, बायकोचं आहे. आठवड्याला गिरणीची एक खेप मला मारायला लावण्यासाठी तिनं ते मला तीस वर्षं ऐकवलंय. मी ते मावशींना जसंच्या तसं ऐकवलं.

"ते बरोबर हाय," मावशी म्हणाल्या. पण खूश नव्हत्या. त्यांनी विषय बदलला. "घरात माणसं किती?"

"दोघं. मुलगा पुण्यात."

"त्याला काय धाडता?"

"कडक भाकरी."

"घरात करता का इकत?"

हा प्रश्न माझ्या वर्मावर होता. सहा महिन्यांपूर्वी मी एका वहीत हिशेब मांडून सिद्ध केलं होतं की कडक भाकरी विकत आणणं ही उधळपट्टी आहे. किलोभर पिठात डझनभर भाकऱ्या होतात. ज्वारी इतक्याची, दळण इतक्याचं, भागिले बारा. उत्तर आलं तेव्हा मी वही बायकोपुढं विजयी मुद्रेनं सरकवली. तिनं ती वाचली आणि विचारलं, "गॅस कुठंय यात?" मी गॅसचा रकाना वाढवला. तरी घरचीच स्वस्त पडत होती. मग तिनं दुसरं काही विचारलं नाही, आणि मीही दुसरा रकाना आखला नाही. कडक भाकरी म्हणजे नुसती भाकरी वाळवणं नव्हे. ती कागदासारखी पातळ थापावी लागते, भाजून झाल्यावर पुन्हा मंद आचेवर पापडासारखी खडखडीत होईतो फिरवत बसावं लागतं. मध्ये जरा ओल राहिली की चार दिवसांत बुरशी. मे महिन्यात, सोलापुरात, तव्यापुढं. काटकसरीचे हिशेब ज्याला पीठ मळायचं नसतं असाच माणूस मांडतो. आमच्या घरी तो माणूस मी आहे. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते पोरगं फोनवर सांगतं, "बाबा, इथं पाकिटात मिळते की. मिलेट क्रिस्प म्हणतात."

२०२३ हे साल भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, तेव्हापासून आमच्या ज्वारीला कुणी नावानं हाक मारेनासं झालंय. ती मिलेट झाली, श्रीअन्न झाली. मालदांडी ही ज्वारीची जात निवडली मोहोळात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन, आणि मुलाच्या ऑफिसातली मंडळी ती चीजमध्ये बुडवून खातात. पूर्वी पाहुणे आले की भाकरी झाकून पोळ्या करायचे. आता पाहुणेच विचारतात, "भाकरी नाही का?" बायको म्हणते पोळ्या बऱ्या होत्या, मनगट तरी राहायचं. असो. गिरणीत होतो मी.

"घरीच करतो," मी म्हणालो. "करतो" या शब्दावर मावशींनी माझ्या हातांकडं पाहिलं. काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

मग त्यांनी झाकण परत लावायला घेतलं आणि त्यांची नजर त्यावरच्या नावावर गेली. आमच्याकडं स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरायची पद्धत. त्यामुळे भांडी चोरीला जात नाहीत, फक्त उघडी पडतात. मावशी अक्षर अक्षर लावत वाचू लागल्या. मोठ्यानं. झाकणावर आमच्या जुन्या शेजाऱ्यांचं अख्खं नाव होतं, सौभाग्यवतीसकट.

"हे तुमी का?"

"नाही. ते शेजारी होते आमचे."

"होते म्हणजे?" मावशींनी हात छातीशी नेला.

"आहेत, आहेत! होटगी रोडला राहायला गेले."

"आणि डबा?"

गिरणी चालू होती, पण माझ्या कानात शांतता पसरली. मिरचीवाल्या बाई पुढं सरकल्या. गिरणीवाल्या पोरानंसुद्धा पिठाच्या नळीला दांडक्यानं ठोकायचं थांबवलं. मी सांगायला लागलो की दिवाळीच्या फराळाचा डबा होता, त्यात चकल्या आल्या होत्या, परत द्यायचा होता, पण...

"कवाच्या दिवाळीला?"

"२०११."

"लोकाचा डबा माघारी द्यायची पद्धत न्हाय का तुमच्यात?"

"तुमच्यात" म्हणजे कुणात, हे मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही. आता सांगतो, कारण तिथं कुणी ऐकून घेतलं नाही. डबा रिकामा परत करायचा नसतो. चकलीच्या डब्यात किमान शेंगापोळी तरी जायला हवी. शेंगापोळी करायची तर शेंगदाणे, गूळ, तूप आणि बायकोची एक अख्खी दुपार. ती दुपार मिळेपर्यंत संक्रांत गेली. मग उन्हाळा. मग त्यांच्या घरी दुखवटा, तेव्हा गोडाचा डबा नेता येईना. मग ते घर बदलून गेले. तेरा-चौदा वर्षं डबा परत न देण्यामागं कंजुषी नव्हती, शिष्टाचार होता. पण हे गिरणीत, एका दमात, यंत्राच्या आवाजावर ओरडून सांगता येतं का?

मी मान खाली घातलेली असतानाच तो प्रकार घडला. दुसऱ्या डब्यातली ज्वारी दळून झाली. पोरगा माझ्या डब्याकडं वळला. मावशींनी मांडीवरची पिशवी पुढं केली. "माझं एवढंसं हाय बाळा, अर्धा किलो. गुडघं धरलेत."

हरभऱ्याची डाळ.

पोरगा प्रामाणिक होता. त्यानं मला विचारलं, "काका, तुमची ज्वारी डाळीवर चालंल का?" माझं तोंड उघडलं होतं. आतून "नाही" निघालंही होतं.

"चालतंय की! ताकद येते," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, भाकरी बिघडते, डाळीचा वास..."

"वास?" आता त्या पूर्ण वळल्या. "भात्तरच्या दुष्काळात आमी मिलो खाल्ली. अमेरिकेची. लाल. रेशनला रांग लावून. खडी फोडून यायचं आणि सुकडी खाऊन झोपायचं. आणि तुमी मालदांडी घेऊन वास बगलालाव?"

१९७२ च्या पुढं कुणाचं काय चालणार? माझा जन्मही तेव्हाचाच, दुष्काळातला. ते सांगून पाहावं असं क्षणभर वाटलं, पण त्यांनी तोही माझाच दोष ठरवला असता. डाळ दळली गेली. मावशींनी बेसनाची पिशवी बांधली आणि पायऱ्या उतरून निघाल्या. गुडघे व्यवस्थित होते. मी पाहत होतो.

घरी बायकोनं गरम पिठात बोटं घातली, चिमूट चोळली, नाकाशी नेली. "हरभऱ्यावर दळलंय." प्रश्न नव्हता तो. मी सगळी कथा सांगितली. ती डब्याच्या प्रकरणापर्यंत माझ्या बाजूनं होती. तिथून पुढं मावशींच्या बाजूनं गेली.

पीठ टाकून देणं आमच्या घरात बसत नाही. त्या पिठाच्या भाकरीला डाळीचा वास मारत होता, पुण्याला धाडायची कडक भाकरी त्याची करणं शक्य नव्हतं. मग बायकोनं त्यात कणीक, लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, हळद, तीळ आणि उरलेली मेथी घातली आणि ओल्या फडक्यावर धपाटे थापले. धपाट्याच्या पिठात एरवीही ती ज्वारीबरोबर बेसन घालतेच. म्हणजे मावशींनी ते आधीच घालून दिलं होतं. धपाटे उत्तम झाले. मी चार खाल्ले, आणि चारही वेळा मला राग आला.

"आता हेच भरून डबा देऊन या," बायको म्हणाली. "रिकामा नाही ना जात आता."

बुधवारी संध्याकाळी डबा घासून, बारा धपाटे आणि वर कागदात शेंगाचटणी ठेवून मी होटगी रोडला गेलो. वहिनींनी आनंदानं दार उघडलं, पाणी दिलं, डबा हातात घेतला, झाकणावरचं नाव वाचून डोळ्यांत पाणी आणलं. मग डबा फिरवून बुडाशी पाहिलं. तिथं बारीक ठिपक्यांत दोन अक्षरं होती, आम्ही कधी न पाहिलेली.

"भाऊजी, झाकण आमचं आहे. डबा आमचा नाही."

धपाटे त्यांनी काढून घेतले. झाकण ठेवून घेतलं. डबा रिकामा द्यायचा नसतो म्हणून त्यात चार केळी घातली आणि वर वर्तमानपत्र बांधून दिलं. स्कूटरवर सात रस्त्यापर्यंत ते टिकलं.

आज पुन्हा रविवार. ज्वारी दोन किलो. दुसरा डबा घेऊन जातो म्हटलं तर बाकीचे सगळे वाळवणांनी भरलेत. गिरणीवर पोहोचलो तर तेलाच्या डब्यावर मावशी होत्याच. मी नजर चुकवून डबा रांगेत ठेवला.

"ओ भाऊ," मावशी म्हणाल्या, "झाकण कुणाला दिलाव?"