भट्टी तापेल तितकी बॅटरी पक्की, हा समज चुकीचा आहे

जळगाव-भुसावळकडच्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांमध्ये एक मजकूर फिरतो आहे : लिथियम बॅटरीच्या कॅथोडची, म्हणजे धन अग्राची, पूड जितकी जास्त तापवून भाजावी तितकी बॅटरी टिकते, त्यामुळे सगळ्यांनीच ती १००० अंशांवर भाजावी, आणि तशी भाजली की आपल्या ४५ अंशांच्या उन्हाने बॅटरीला काही होत नाही.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे कॅथोडचे एक द्रव्य ४०० अंशांच्या आसपास बनवले तर लिथियम आणि कोबाल्ट आपापल्या थरांत नीट वेगळे होत नाहीत; ८०० ते ९०० अंशांना थर चांगले लागतात. मात्र त्यापुढे तापवत राहिले, तर वीटभट्टीत जाळाजवळच्या विटेचा जसा खंगर होतो तसे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, लिथियमला आतून बाहेर यायला लांबचा रस्ता पडतो आणि काही लिथियम भट्टीतच उडून जाते. नीट भाजलेली काळी वडी खलात अलगद फुटते. जास्त भाजलेली मी बत्त्याने ठेचली आहे.

‘सगळ्यांना १००० अंश’ हे तर सर्वांत घातक. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट समप्रमाणात असलेली पूड साध्या हवेत ९०० अंशांच्या वर भाजतात. निकेल ८० टक्के असले की ७५० ते ८०० अंश आणि ऑक्सिजनचा झोत लागतो, कारण जास्त उष्णतेत निकेलचा आयन द्विभारित (दोन धन भारांचा) होतो, आकाराने लिथियमच्या आयनाजवळ येतो, त्याच्या जागी जाऊन बसतो आणि त्याची वाट अडवतो. लिथियम आयर्न फॉस्फेट हे आणखी एक कॅथोडद्रव्य साधारण ६०० ते ७०० अंशांवर, तेही नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये भाजावे लागते; हवेत त्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते.

उरले उन्हाचे. भट्टीत जाते ती फक्त कॅथोडची पूड, बॅटरी नव्हे. सेलमधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ज्यातून लिथियमचे आयन ये-जा करतात तो, सेंद्रिय द्रव असतो, तो शेवटी भरला जातो आणि त्याने भट्टी कधी पाहिलेलीच नसते. तापलेल्या सेलमध्ये या द्रवाच्या आणि ऋण अग्रातल्या ग्रॅफाइटवरच्या पातळ थराच्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात व क्षमता घटते. शिवाय चार्ज झाल्यावर कॅथोडमधले बरेच लिथियम निघून गेलेले असते, म्हणजे ते भट्टीतून निघालेले द्रव्यच राहत नाही. म्हणून उन्हात तापलेली गाडी तासभर सावलीत निवू द्यावी आणि मगच चार्जिंगला लावावी.